भराव

लाँग्टनच्या जुन्या भट्ट्यांमागे, पत्र्याच्या कुंपणाआत
सकाळी साडेसातला यंत्र जमिनीत शिरते
आणि मी पहिली ओळ लिहिते :
शून्य ते तीस सेंटिमीटर. डांबर.
त्याखाली राख, विटांचा चुरा, एक सरळ खिळा.

आमच्याकडे माणसाचा हात लागलेल्या जमिनीचे पाच प्रकार.
वर आणून टाकलेली. उकरून नेलेली.
उकरून मग बुजवलेली.
चौथी, चढउतार देऊन देखणी केलेली.
पाचवी नुसती ढवळलेली, तिचे नेमके काय झाले
ते कुणालाच धड सांगता येत नाही.
निसर्गाने केली असेल, तर कागद
दुसऱ्या टेबलावर जातो.

दोन मीटर ऐंशीला यंत्राचा आवाज बदलतो.
नजाकत हुसेन दांडा मागे ओढतो, म्हणतो,
"भांडी लागली."
नळीतून पडतात कपांचे कान,
नुसते कान, ओंजळभर.
किटलीची चोच. झाकणाची बोंडी.
भट्टीत वितळून एकमेकींना चिकटलेल्या सहा बश्या,
शंभर वर्षे मातीत राहूनही
एकीने दुसरीला सोडलेले नाही.
मी लिहिते : पांढरे, टोकदार, मोकळे. पाणी नाही.

खाली, अकरा मीटर चाळीसला, लाल चिकणमाती,
अखंड, गुळगुळीत, जिला कुणी काही केले नाही ती.
तिच्यासाठीच तर हा खड्डा पडला.
तिच्या जाड ओबडधोबड पेट्या व्हायच्या
आणि पेट्यांच्या पोटात बसून कप आगीत जायचे.
कपांची माती दुरून, कॉर्नवॉलहून, बोटीने आलेली.
पाहुणी आत, घरची बाहेर धग झेलत.
फुटल्यावर मात्र दोघींना एकच वाट :
ज्या खड्ड्यातून एक निघाली
त्याच खड्ड्यात दोघी.
रकाना तिसरा. उकरून बुजवलेली.
मी खूण करते, आणि हात थोडा थांबतो.

दुपारी कुंपणाशी आयरिस टनिक्लिफ येते.
वय शहाऐंशी, चाकांची पिशवी, आवाज खणखणीत.
"घरं बांधणार म्हणे इथे? माझं दार बघ आधी,
एकोणऐंशीपासून लागत नाही.
खालचं सगळं बसतंय हळूहळू, आमच्यासारखं."
चाळीस वर्षे कपांवर निळी फुले काढायची ती.
मी तिला एका कपाचा तळ देते, पत्र्याच्या फटीतून :
दोन ठिपके आणि एक शेपूट, ज्या बाईने रंगवला तिची खूण.
ती चष्मा वर करते. अंगठा फिरवते.
"माझी नव्हे. माझे तीन ठिपके.
ही डोरीन. शेपूट कधी जमलीच नाही तिला."
मग बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, "पाच शिलिंग द्यायची होती मी तिला,"
आणि तळ पिशवीत टाकते.

नमुना बाहेर जाऊ द्यायचा नसतो.
नजाकत आकाशाकडे बघतो.
मी कागदी पेल्यातला गार चहा पिते.

संध्याकाळी नकाशा रंगवायला बसते.
आयरिसच्या परसाचा चौकोन समोर येतो :
अंड्यांची टरफले, चहाचा चोथा, बटाट्याच्या साली,
शेगडीची राख, नवऱ्याच्या पाइपातली राख,
सगळे तिने फावड्याने, वर्षानुवर्षे, त्याच वाफ्यात घातलेले.
जाताना तिथेही एक छोटे भोक घेतले होते मी, हाताने.
काळी, भुसभुशीत, गांडुळे पुष्कळ.
जाडी बावीस सेंटिमीटर.

एक मीटरखालचा थर आम्ही दाखवत नाही.
चौकोन कोरा सोडायचा,
म्हणजे वाचणाऱ्याने समजायचे
की इथे माणसाने काही केलेले नाही.

मी पेन्सिल घेते. समासात, खोडता येईल इतपत फिकट,
तीन ठिपके काढते.